लाइन थांबवणारा माणूस

इंजिनीअरिंगची पदवी ताजी आहे, अंगावर कंपनीचा कोरा युनिफॉर्म आहे आणि आता आपल्याला काहीतरी भारी काम मिळणार अशी खात्री आहे. मोठे साहेब तुम्हाला कारखान्यात घेऊन जातात. मशिनच्या दोन ओळींच्या मधे थांबतात, खिशातून खडू काढतात, जमिनीवर एक गोल काढतात, तुम्हाला त्यात उभं करतात, नीट बघत राहायला सांगतात आणि चालू लागतात. काय बघायचं, कशासाठी, किती वेळ, काही नाही. काही तासांनी परत येतात आणि काय दिसलं ते विचारतात. तुमचं उत्तर ऐकतात आणि काही न बोलता पुन्हा निघून जातात. तुम्ही गोलातच. जेवणाची सुट्टी होऊन जाते, पाय भरून येतात, साहेब आपला राग काढतायत की काय असं वाटायला लागतं. आणि मग कधीतरी लक्षात येतं, की समोरचा कामगार प्रत्येक सुटा भाग उचलायला चार पावलं मागे जातोय आणि चार पावलं पुढे येतोय. दिवसातून शेकडो वेळा. सकाळपासून ते डोळ्यांसमोरच चाललं होतं.

टोयोटात ताइची ओहनो यांच्या हाताखाली तयार झालेल्या लोकांनी ही खडूची गोष्ट पुढे जगभर सांगितली. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पायदुखी मात्र सगळ्यांची सारखीच आहे.

ओहनोंचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण त्यांचं काम तुमच्या सिलॅबसमध्ये आहे. जस्ट इन टाइम, कानबान, लीन हे शब्द मेकॅनिकल-प्रॉडक्शनच्या पोरांना आणि एमबीएवाल्यांना पाच-पाच मार्कांच्या टिपांमुळे पाठ असतात. आयटी कंपनीत इंटर्नशिप केली असेल, तर तिथल्या स्क्रीनवरचा टू डू, डुइंग, डन असा बोर्डही ओहनोंच्याच घरातला, जरा लांबचा नातेवाईक. प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनमध्ये ‘ऑपरेशनल एक्सलन्स’ असा जाडजूड शब्द फेकला जातो ना, त्यातला निम्मा माल या एका माणसाच्या कारखान्यातून आलाय. आणि गंमत म्हणजे हा माणूस मोटारींमधला मुळी नव्हताच. तो कापडवाला होता.

ओहनोंचा जन्म १९१२ सालचा, तारीख २९ फेब्रुवारी. गाव दालियान, म्हणजे तेव्हा जपानच्या ताब्यात असलेलं चीनमधलं बंदर. पुढे कुटुंब जपानात परतलं. नागोयाच्या तांत्रिक विद्यालयातून मेकॅनिकलचं शिक्षण घेऊन १९३२ साली ते बाहेर पडले, तेव्हा जगभर मंदी होती. नोकरी मिळाली ती तोयोदा घराण्याच्या सूत आणि कापड गिरणीत.

या घराण्याचे मूळपुरुष साकिची तोयोदा. सुताराचा मुलगा, आयुष्यभर हातमाग-यंत्रमाग सुधारत बसलेला माणूस. त्यांच्या १९२४ सालच्या स्वयंचलित मागाची एक खासियत होती. विणताना धागा तुटला, की माग स्वतःहून थांबायचा. ऐकायला साधं वाटतं, पण हिशेब करून बघा. साधा माग धागा तुटला तरी चालतच राहतो आणि खराब कापड विणत जातो, म्हणून प्रत्येक मागावर राखणीला माणूस लागतो. माग जर स्वतःच थांबणार असेल, तर एकटी कामगार मुलगी डझनावारी माग सांभाळू शकते, कारण तिला फक्त थांबलेल्या मागाकडे धाव घ्यायची असते. १९२९ मध्ये ऑल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. ही प्लॅट ब्रदर्स म्हणजे मुंबईच्या गिरण्यांना यंत्रं पुरवणारी कंपनी. ज्या इंग्लंडनं जगाला गिरण्या दिल्या, त्यानं जपानी सुताराच्या मुलाकडून माग विकत घ्यावा, ही तेव्हा केवढी बातमी असेल! साकिचींचा मुलगा किइचिरो यानं पुढे मोटारी बनवायचा घाट घातला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

ओहनो मात्र गिरणीतच होते. १९३७-३८च्या सुमारास वरिष्ठांनी त्यांना कामाच्या प्रमाण पद्धती लिहून काढायला सांगितलं. ओहनोंनी मारुझेनच्या दुकानातून त्या विषयावरचं एक पुस्तक विकत आणलं आणि ते वाचून काम कसंबसं निभावलं. (आपण परीक्षेच्या आदल्या रात्री करतो तेच, जरा बऱ्या रीतीनं.) त्याच काळात त्यांच्या कानावर एक हिशेब आला. जर्मन कामगार जपानी कामगाराच्या तिप्पट काम करतो आणि अमेरिकन कामगार जर्मनाच्या तिप्पट. म्हणजे एका अमेरिकनाचं काम करायला नऊ जपानी लागतात.

हा आकडा त्यांच्या डोक्यात रुतून बसला. अमेरिकन माणूस धिप्पाड असेल, पण त्याला काही नऊ जणांचे हात नसतात. मग उरलेल्या आठ जणांची मेहनत जाते कुठे? ओहनोंनी काढलेलं अनुमान असं, की आपल्याकडे माणसं कमी राबत नाहीत, त्यांचं राबणं वाया जातंय. जपानीत वाया जाण्याला ‘मुदा’ म्हणतात. पुढची चाळीस वर्षं ते या एका शब्दामागे लागले.

युद्धाच्या धामधुमीत गिरणी बंद झाली आणि १९४३ मध्ये ओहनोंची बदली मोटार कंपनीत झाली. कोरोमो नावाच्या गावातला कारखाना. मोटारींचा अनुभव शून्य. पण बाहेरून आलेल्या माणसाला घरच्यांना न दिसणारं दिसतं. त्यांनी गिरणीशी तुलना करून बघितली आणि त्यांना वाटलं, की इथलं उत्पादन तिप्पट-चौपट करणं तर सहज जमेल. दोन वर्षांनी जपान हरला. देश राख झालेला, आणि किइचिरो तोयोदांनी सांगून टाकलं, की तीन वर्षांत अमेरिकेला गाठायचं, नाहीतर जपानची मोटार टिकणार नाही. तीन वर्षांत नऊपट! ध्येय अशक्य होतं, ते तीन वर्षांत गाठलंही गेलं नाही. पण ओहनोंना कामाला लावायला ते पुरलं.

१९४७ मध्ये ते मशिन शॉपचे प्रमुख होते. तेव्हाच्या सगळ्या कारखान्यांसारखीच तिथली मांडणी होती. सगळे लेथ एका बाजूला, सगळी मिलिंग मशिन दुसऱ्या बाजूला, ड्रिलिंग आणखी तिसरीकडे. लेथवाला लेथवरच काम करणार, मिलिंगवाला मिलिंगवर. मशिन भाग कापत असताना कामगार काय करायचा? उभा राहून बघायचा. एका खात्यातून निघालेला माल ढिगानं पुढच्या खात्यात जाऊन पडायचा आणि तिथे वाट बघत बसायचा. ओहनोंनी मशिन उचलून कामाच्या क्रमानं मांडली. आधी एकाला दोन मशिन दिली, १९४९-५०पर्यंत अर्धगोलाकार मांडणी करून तीन-चार. एक मशिन चालू करायचं, ते कापत असेतो दुसऱ्याकडे वळायचं.

कामगार भडकले, आणि आपण त्यांच्या जागी असतो तर आपणही भडकलो असतो. वर्षानुवर्षं लेथवर हात बसवलेल्या कारागिराला लेथमन असण्याचा अभिमान होता. त्याला एकदम सांगायचं, की आता तू मिलिंगही कर आणि ड्रिलिंगही कर? त्याहून मोठी भीती पोटाची होती. एकजण तिघांचं काम करायला लागला, तर उरलेले दोघं कुठे जाणार? या प्रश्नाचं उत्तर ओहनोंकडे तेव्हा नव्हतं. ते हट्टानं पुढे रेटत राहिले.

त्यांना छळणारी दुसरी गोष्ट होती महिनाअखेर. हजारो सुट्या भागांपैकी एखादा कुठलातरी आलेला नसायचा, म्हणून महिन्याचे पहिले दोन-तीन आठवडे जुळणी रखडायची आणि शेवटच्या दिवसांत सगळे जीव तोडून गाड्या जोडायचे. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात रात्रभर जागून जर्नल पूर्ण करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की आपल्याकडे सही मिळते आणि विषय संपतो. कारखान्यात मात्र त्या धावपळीसाठी लागणारी माणसं, मशिन आणि जागा महिनाभर पोसावी लागते. ओहनोंचं म्हणणं होतं, की महिन्याला हजार भाग हवे असतील आणि कामाचे दिवस पंचवीस असतील, तर रोज चाळीसच व्हायला हवेत. पहिल्या दिवशीही चाळीस, शेवटच्या दिवशीही चाळीस.

मग १९४९ उजाडलं. अमेरिकी सल्ल्यानुसार सरकारनं महागाई रोखायला पैशाच्या नाड्या आवळल्या. गाड्या विकल्या जाईनात, विकलेल्यांचे हप्ते येईनात. टोयोटा दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. बँकांनी एकत्र येऊन कर्ज दिलं, पण अटी घातल्या. विक्रीची कंपनी वेगळी काढा, विकल्या जातील तेवढ्याच गाड्या बनवा आणि माणसं कमी करा. किइचिरोंनी कुणाला काढणार नाही असा शब्द दिलेला होता. १९५०च्या वसंतात संप सुरू झाला, तो जूनपर्यंत चालला. अखेर सुमारे दोन हजार कामगार बाहेर पडले आणि शब्द मोडला म्हणून किइचिरोंनीही अध्यक्षपद सोडलं. संप मिटल्यावर काही दिवसांतच, २५ जूनला कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकी सैन्यानं टोयोटाकडे ट्रकची मोठी मागणी नोंदवली. ज्या कंपनीनं नुकतीच दोन हजार माणसं घरी पाठवली होती, तिला आता माणसं हवी होती. किइचिरो १९५२ साली गेले, कंपनीत न परतताच.

या काही महिन्यांनी टोयोटाला दोन गोष्टी शिकवल्या असं मला वाटतं, आणि पुस्तकांत पहिलीच जास्त रंगवून सांगतात. पहिली म्हणजे, न विकलेली गाडी ही संपत्ती नसते, ते अंगावरचं ओझं असतं. ओहनोंनी मुदाचे जे सात प्रकार मोजले, त्यांत सगळ्यात वाईट ठरवला तो हाच, गरजेपेक्षा जास्त बनवणं. बाकीचे सहा, म्हणजे ताटकळणं, इकडून तिकडे वाहून नेणं, नको ती प्रक्रिया, साठा, नको ती हालचाल आणि खराब माल. पण जास्तीचं बनवलं, की ते ठेवायला जागा लागते, हलवायला माणसं लागतात, मोजायला कारकून लागतात आणि त्या ढिगाखाली खराब माल लपतो, म्हणून तो सगळ्यांचा बाप.

दुसरी गोष्ट कामगारांशी असलेल्या नात्याची. यापुढे काटकसर करायची, पण ती माणसं काढून नाही, हे हळूहळू कंपनीत मुरत गेलं आणि १९६२ मध्ये कंपनी आणि युनियन यांनी मिळून परस्परविश्वासाचं एक जाहीर निवेदनच काढलं. मागणी वाढत होती, त्यामुळे एका खात्यात वाचलेली माणसं दुसऱ्या खात्यात सामावली जायची. तीन मशिन सांभाळणाऱ्या माणसाच्या पोटातली भीती यामुळे कमी झाली. ती कमी झाली नसती, तर त्यानं आपल्या कामातला मुदा साहेबाला दाखवला असता का? स्वतःच्या शेजाऱ्याची नोकरी जाईल अशी सूचना कोण देतो?

आता सुपरमार्केट. ओहनोंना अमेरिकेतल्या या दुकानांबद्दल चाळीसच्या दशकाच्या शेवटी कळलं. तेव्हा जपानात असं दुकान नव्हतं. गिऱ्हाईक स्वतः येतं, हवं तेवढंच रॅकवरून उचलतं आणि दुकानदार उचललं गेलेलं तेवढंच पुन्हा भरतो. ओहनोंच्या डोक्यात उलटापालट झाली. कारखान्यात आधीचं खातं पुढच्या खात्यावर माल ढकलतं. त्याऐवजी पुढचं खातं गिऱ्हाईक झालं तर? त्यानं मागे जाऊन हवे तेवढे भाग उचलायचे, आणि मागच्यानं उचलले गेले तेवढेच पुन्हा बनवायचे. किइचिरोंनी युद्धापूर्वीच जस्ट इन टाइमची कल्पना मांडली होती, पण ती रोजच्या रोज चालवायची कशी, हे कुणाला सापडलं नव्हतं. १९५३ मध्ये ओहनोंनी मशिन शॉपमध्ये ही दुकानाची पद्धत बसवली.

निरोप पोहोचवायला त्यांनी वापरली एक चिठ्ठी. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला चौकोनी कागद, त्यावर कुठला भाग, किती, कुठून, कुठे. भाग उचलला, की चिठ्ठी मागे जाते आणि तीच पुढच्या उत्पादनाची ऑर्डर ठरते. चिठ्ठी नाही तर उत्पादन नाही. जपानीत कानबान म्हणजे पाटी, दुकानावरची पाटी असते ती. बस्स, जगभर ज्याचे कोर्स विकले जातात तो कानबान म्हणजे एवढाच. पण ही पाटी सगळ्या कंपनीत फिरायला १९६२ उजाडलं. दहा वर्षं लागली. पाटी छापायला दहा वर्षं लागत नाहीत. तिच्यावर काम चालावं म्हणून बाकीचं सगळं आधी नीट करावं लागतं, त्याला लागली.

उदाहरणार्थ, प्रेस मशिनचे साचे. पत्रा दाबून दरवाजा करायचा साचा काढून बॉनेटचा चढवायला चाळीसच्या दशकात दोन-तीन तास जायचे. एवढा वेळ जाणार असेल, तर कुठलाही शहाणा माणूस एकदा चढवलेल्या साच्यावर हजारो दरवाजे काढून ठेवणार आणि लागले ढीग. थोडं थोडं बनवायचं तर साचा पटकन बदलता आला पाहिजे. पन्नाशीच्या दशकात ही वेळ तासाच्या आत, काही ठिकाणी पंधरा मिनिटांवर आली. साठचं दशक संपता संपता ती तीन मिनिटांवर आली, त्यात शिगेओ शिंगो या सल्लागाराचा मोठा वाटा होता. यात जादूचं मशिन कुठलं नव्हतं. पुढचा साचा आधीच जवळ आणून ठेवायचा, बोल्ट कमी करायचे, मशिन बंद असतानाच करावी लागणारी कामं आणि चालू असतानाही उरकता येणारी कामं वेगळी करायची, असल्या शेकडो बारक्या गोष्टी.

आणि लाइन थांबवणं. मोटार कारखान्यात जुळणीची लाइन म्हणजे देव. ती थांबली तर मिनिटामिनिटाला नुकसान, म्हणून चूक झाली तरी गाडी पुढे जाऊ द्यायची आणि शेवटी दुरुस्त करायची, हा अमेरिकेतला रिवाज. ओहनोंनी साकिचींचा तुटलेला धागा आठवला. माग थांबू शकतो, तर लाइन का नाही? त्यांनी कुठल्याही कामगाराला लाइन थांबवायचा हक्क दिला. अडचण आली, की दोरी ओढायची, वरच्या फलकावर दिवा लागतो, सगळ्यांना दिसतं कुठे अडलंय. सुरुवातीला लाइन सारखी थांबायची आणि वरिष्ठांचे चेहरे उतरायचे. ओहनोंना मात्र कधीच न थांबणाऱ्या लाइनचा संशय यायचा. एकतर ती अतिशय उत्तम असणार किंवा तिथे काहीतरी झाकलं जातंय.

लाइन थांबली, की पाच वेळा का विचारायचं. त्यांनी पुस्तकात दिलेलं उदाहरण आज सगळीकडे शिकवतात. मशिन बंद पडलं, कारण जास्त भार येऊन फ्यूज उडाला. भार का आला? बेअरिंगला तेल पुरत नव्हतं. का? पंप नीट तेल ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? तिथे गाळणी नव्हती, धातूचा कीस आत जात होता. पहिल्या ‘का’ला थांबलं, तर फ्यूज बदलून सगळे चहाला जातात आणि महिन्याभरात मशिन पुन्हा बंद. यातला एकही ‘का’ कुणाचं नाव विचारत नाही, हे बघितलंत? आपल्याकडे काही बिघडलं, की पहिला प्रश्न असतो कुणी केलं. मग पुढचे चार विचारायची वेळच येत नाही.

ओहनो स्वतः काही प्रेमळ गुरुजी नव्हते. कडक, तापट, लोकांना घाम फोडणारे म्हणून त्यांची ख्याती होती. ते येताना दिसले, की सुपरवायझरांच्या पोटात गोळा यायचा. त्यांच्या पद्धतीला बरीच वर्षं टोयोटाचं नाव मिळालं नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लोक तिला ओहनो पद्धत म्हणायचे, आणि त्यात कौतुक नसायचं. वरून त्यांना सांभाळून घेतलं ते मुख्यतः किइचिरोंचे चुलतभाऊ एइजी तोयोदा यांनी. एइजी १९५० मध्ये डेट्रॉइटला जाऊन फोर्डचा रूज कारखाना पाहून आले होते. तेरा वर्षांत टोयोटानं तीन हजारही प्रवासी मोटारी बनवल्या नव्हत्या, आणि रूजमधून रोज सुमारे सात हजार बाहेर पडत होत्या. अशा कंपनीला फोर्डची नक्कल करणं परवडणार नाही, हे त्यांना दिसलं होतं. ओहनो स्वतः १९५६ मध्ये अमेरिकेला गेले, फोर्ड आणि जनरल मोटर्स बघितल्या. पण मन भरून पाहिली ती सुपरमार्केटं. हेन्री फोर्डबद्दल मात्र त्यांना कायम आदर होता. फोर्ड आज असता तर त्यानं आपल्यासारखंच केलं असतं, असं ते मानत.

चित्राची दुसरी बाजूही आहे. १९७२ मध्ये सातोशी कामाता हा पत्रकार हंगामी कामगार म्हणून टोयोटात भरती झाला आणि त्यानं अनुभव लिहिले. जपानी नावाचा अर्थ साधारण मोटारींचा निराशेचा कारखाना असा. लाइनचा वेग, सक्तीचा ओव्हरटाइम, वसतिगृहातलं एकटेपण, थकून गेलेली शरीरं हे सगळं त्यात आहे. मुदा काढता काढता माणसाला दम घ्यायचा जो क्षण मिळतो, तोही मुदा म्हणून काढला गेला, तर? ओहनोंच्या शब्दकोशात याला शब्द होता. ‘मुरी’ म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर झेपणार नाही असा ताण, आणि तोही काढायचाच असं पद्धत सांगते. पण कागदावरचा मुरी आणि रात्रपाळीतला मुरी यांत अंतर पडलं. १९६५पासून कानबान बाहेरच्या पुरवठादारांकडेही गेला, तेव्हा मोठ्या कंपनीनं आपला साठा छोट्यांच्या गोदामात ढकलला, अशीही टीका झाली. जो स्वतः लहान लॉट बनवायला शिकला नाही, त्याला टोयोटासाठी ढीग करून ठेवावा लागला. माझ्या मते ओहनोंच्या चरित्रातून कामाताचं पुस्तक गाळलं, तर ती जाहिरात होते.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, पुढच्याच वर्षी जपानची वाढ थांबली आणि कंपन्या धडाधड आजारी पडल्या. टोयोटालाही फटका बसला, पण इतरांपेक्षा कमी, आणि ती लवकर सावरली. तेव्हा कुठे जपानच्या बाकी उद्योगांनी या गावाकडे नीट बघितलं. (कोरोमोचं नाव १९५९ पासून टोयोटा झालं होतं.) १९७५ मध्ये ओहनो कार्यकारी उपाध्यक्ष झाले. १९७८ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी टोयोटाच्या उत्पादन पद्धतीवरचं त्यांचं पुस्तक आलं. तोवर त्यांनी फारसं लिहिलं नव्हतं. पद्धत रोज बदलतेय, लिहून काढली की लोक तिथेच थांबतील, असं त्यांना वाटायचं.

ती भीती खोटी नव्हती. ऐंशीच्या दशकात अमेरिकी कंपन्यांचे लोक जथ्थ्यानं टोयोटा बघायला आले, फोटो काढून गेले, घरी जाऊन पाट्या लावल्या आणि दोऱ्या टांगल्या. दोरी ओढली तर मुकादम शिव्या घालतो, अशा कारखान्यात दोरी कोण ओढणार? याउलट १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना पुन्हा सुरू केला. गैरहजेरी आणि भांडणं यांसाठी बदनाम झालेला हा कारखाना जनरल मोटर्सनं १९८२ मध्ये बंद केला होता. कामावर घेतले ते बहुतेक जुनेच कामगार. त्यांना दोरी दिली, ओढल्यावर कुणी रागावणार नाही हे पटवलं, आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानी गाड्यांच्या बरोबरीनं उतरायला लागल्या. १९९७ मध्ये बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटा आली, ती किर्लोस्कर या आपल्या ओळखीच्या नावाचा हात धरून, आणि दोरी-पाटी तिथेही आली. पण ते बघायला ओहनो नव्हते.

निवृत्तीनंतर ते त्याच जुन्या कापड कंपनीचे अध्यक्ष झाले, जिथे १९३२ मध्ये कामाला लागले होते. इतर कारखान्यांतही बोलावलं की जायचे. मीटिंग रूममध्ये बसून आकडे ऐकायचा त्यांना कंटाळा. ते सरळ मशिनकडे चालायला लागायचे आणि यजमान कागद सावरत मागून.

२८ मे १९९० रोजी टोयोटा शहरातच त्यांचं निधन झालं. वय ७८. आयुष्यात २९ फेब्रुवारीला वाढदिवस मात्र त्यांच्या वाट्याला १९च आले.